गिरणीवरचे तीन तास

११ जून १७५९, हिर्शग्रुंडची छावणी

माझा धाकटा भाऊ बेर्ट आला आणि सगळं बिघडलं!

सकाळी दहाला त्याच्या तीन पलटणी रस्त्यावर दिसल्या. धुळीने पांढऱ्या झालेल्या. आमचे शिपाई सूपाची भांडी तशीच टाकून धावले, टोप्या हवेत! "आमचा अदालबर्ट! आमचा अदालबर्ट!" आमचा म्हणे. निम्म्यांनी त्याला आयुष्यात पाहिलेलं नाही. गेल्या शरदात चारशे माणसांनिशी त्याने एक पूल दिवसभर धरून ठेवला, तेवढं ऐकलेलं.

एबरहार्टदादा घराच्या पायरीवर उभा होता. अकरा हजारांची फौज त्याची, हुकूम त्याचा. दोन वर्षं झाली सेनापतिपद हातात येऊन. त्याच्यासाठी अजून एकही टोपी हवेत गेलेली नाही.

बेर्टने उडी मारली, मिठीला हात पसरले.

"धूळ झटक आधी," दादा म्हणाला. "दोन तास उशीर झालाय."

"पूल वाहून गेला होता, दादा. वळसा पडला."

"पूल म्हणजे तुझं खास प्रेम. मला वाटलं, थांबला असशील कुठे टाळ्या घ्यायला."

अधिकारी हसले. सेनापती विनोद करतो तेव्हा हसावंच लागतं. मीही हसलो.

१२ जून

दोघं समोरासमोर आले नाहीत. जेवताना दादाने विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाला तो?" संध्याकाळी फिरताना बेर्टने विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाला दादा?"

दोघांनाही सांगितलं — काही नाही. अडतीस वर्षांचा झालो, अजून हेच काम करतोय.

१३ जून

आज नकाशावर भांडण. दहा अधिकाऱ्यांसमोर!

ऑस्ट्रियन डोंगरातून उतरणार, हे नक्की. एर्लेनबाखच्या ओढ्यावर एक गिरणी आहे, तिच्याशेजारून रस्ता जातो. तो रस्ता गेला की आमच्या पिठाच्या गाड्या, भट्ट्या, सगळं उघडं. दादाने बोट ठेवलं. "इथे अदालबर्ट. तीन पलटणी, चार तोफा."

बेर्ट वाकला, बराच वेळ बघत राहिला. "जागा फार पुढे आहे. मागच्या टेकडीवर कुणी नसेल तर दोन्ही बाजूंनी घेरतील. टेकडीवर अजून दोन पलटणी द्या."

"भीती वाटते?"

"मला नाही वाटत. पण माझ्या माणसांनी किती वेळ मरत राहायचं, तेवढं विचारतोय."

कुणी असा उलट बोलला की दादाच्या गालावर एक शीर उडते. ती उडाली. मग तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "बेर्ट, पाऊण तासाची वाट आहे. चिठ्ठी पाठव, तासाभरात मी स्वतः तुझ्याजवळ असेन. सगळ्यांसमोर शब्द देतो. पुरे?"

"पुरे," बेर्ट म्हणाला.

हुकूम मी लिहिला. दादा सांगत होता, मी लिहीत होतो: 'माझा लेखी हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही.' हे वाक्य त्याने दोनदा वाचून घेतलं.

१४ जून

बर्लिनहून आईसाहेबांचं पत्र. नेहमीप्रमाणे मलाच. 'तू मधला आहेस, मध्ये पड. एबरहार्ट वाईट नाही रे, त्याला फक्त कुणी सांगत नाही की तो चांगला आहे.'

खरं आहे. बाबासाहेबांनी तर कधीच सांगितलं नाही. आमच्याकडे मुलांनी पाहुण्यांसमोर तलवार खेळायची आणि हरलेल्याने जिंकलेल्याच्या खुर्चीमागे उभं राहून जेवण वाढायचं, असा त्यांचा नियम. बेर्ट पंधराचा होता तेव्हाची गोष्ट. दादा एकतीसचा, कर्नल झालेला. खेळता खेळता त्याचा पाय घसरला. तलवार हातातून गेली. बेर्ट घाबरून म्हणाला, "हे धरायचं नाही, बाबासाहेब! दादा घसरला!" बाबासाहेब इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "युद्धातही सांगशील का, घसरला म्हणून?"

कर्नलच्या गणवेशात दादा त्या पोराच्या खुर्चीमागे उभा राहिला. सूप वाढलं, मासा वाढला, वाइन ओतली. एक थेंब सांडला नाही.

पुढच्या वर्षी बाबासाहेब गेले. गादी, किल्ला, जमीन सगळं दादाला मिळालं. पण ते जेवण काही अजून संपलेलं नाही.

१५ जून

पहाटे बेर्ट गिरणीकडे गेला. जाताना माझ्या खिडकीवर चाबकाने टकटक केली. "ए कारकुना! ऊठ, सूर्य आला!" पाच वर्षांनी मोठा असतो तर कान पिरगाळला असता— अकरा वर्षांनी मोठा आहे, म्हणून नुसता हसलो.

१६ जून

शांत. दादा खूश. जरुरीपेक्षा जास्त.

१७ जून, रविवार

आठ वाजता तोफा सुरू झाल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थना अर्धी सोडली.

१८ जून

कालचं लिहायलाच हवं.

साडेनऊला लेफ्टनंट ड्रेवेलो आला. बेर्टचा स्वार. वीस-बावीसचा असेल, पोमेरेनियाचा. घोडा फेसाळलेला. मागच्या गल्लीने आला, बागेच्या फाटकाशी मीच भेटलो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली: 'दोन्ही बाजूंनी येताहेत. साधारण सहा हजार. अकरापर्यंत टिकतो. ये. — बे.'

मी आत गेलो. न्हावी नुकताच निघाला होता, दादाच्या कानाला अजून साबण. कॉफी समोर. त्याने चिठ्ठी वाचली, घडी केली, अंगरख्याच्या खिशात घातली.

"कोणत्या पलटणी काढू?" मी विचारलं.

"बस की. कॉफी घे."

"दादा, सहा हजार आहेत!"

"त्याला नेहमीच सहा हजार दिसतात. पुलावरही दिसले होते. जरा घाम गाळू दे त्याला, कासिमिर. एकदा तरी वाट बघू दे माझी. दहा मिनिटं."

मी बाहेर येऊन ड्रेवेलोला सांगितलं, "जा, सांग त्यांना, मदत निघतेय." असं का बोललो? कारण मला खरंच वाटलं, दहा मिनिटं! पोरगा हसला, घोडा वळवला आणि गेला.

दहा वाजले. मी पुन्हा गेलो. "बघतो," म्हणाला. अकराला तो दुर्बीण घेऊन छपराच्या झरोक्याशी उभा होता. धुराशिवाय काही दिसत नव्हतं. म्हणाला, "अजून तोफा वाजताहेत ना? म्हणजे टिकलाय." त्याचा चेहरा पांढरा होता. आता निघालो तर उशीर का झाला हे सांगावं लागेल, म्हणून तो आणखी उशीर करत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि माझ्या हातात लेखणी होती, दादाचा शिक्का माझ्याच पेटीत! दोन ओळी लिहिल्या असत्या तर कर्नल रोस्टिनच्या पलटणी पाच मिनिटांत निघाल्या असत्या. माझी सही बघून कुणीही प्रश्न विचारला नसता.

लिहिल्या नाहीत.

बाराला दुसरा स्वार आला, थेट चौकात, सगळ्यांसमोर. साडेबाराला दादा स्वतः पुढे होऊन निघाला, मीही मागे. अर्ध्या वाटेत बेर्टची माणसं समोरून येताना दिसली. एकमेकांना धरून. दारूगोळा संपला होता, गिरणी पेटली होती. बेर्ट पायी चालत होता, घोडा मेलेला, डोक्याला फडकं. चारही तोफा गेल्या. चारशे बारा माणसं गेली.

दादा घोड्यावरूनच ओरडला, "कुणाच्या हुकमाने जागा सोडलीस?"

बेर्टला आधी कळलंच नाही. "काय?"

"लेखी हुकूम! कुठे आहे?"

"दादा, मी दोन चिठ्ठ्या पाठवल्या! पहिली नऊला!"

"मला एक मिळाली. बाराला."

"ड्रेवेलो कुठाय मग?"

"पळाला असेल. तुझ्याचकडून शिकला असेल."

शिपायांमधून एक विचित्र आवाज आला, जनावरं हंबरतात तसा. बेर्टने माझ्याकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. मी घोड्याची आयाळ सारखी करत बसलो.

१९ जून

बेर्टची तलवार काढून घेतली. गावातल्या पाद्रीबाबांच्या घरात नजरकैद. दारावर दोन पहारेकरी, दोघंही त्याच्याकडे बघताना रडवेले.

ड्रेवेलोचं प्रेत मिळालेलं नाही. ती जागा आता ऑस्ट्रियनांच्या ताब्यात. आमच्या पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणतो, "सरकार, स्वार दिवसभर येत-जात होते, कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?"

म्हणजे फक्त मीच उरलो.

२० जून

तिन्ही पलटणींना शिक्षा. मैदानात उभं करून टोप्यांवरची रुपेरी कड कापायची, कमरेची छोटी तलवार काढून घ्यायची. दोन तास कात्र्या चालल्या.

हिल्लमान नावाचा म्हातारा सार्जंट होता. कात्री घेऊन आलेल्याला म्हणाला, "थांब, पोरा. माझी मीच कापतो." कापली. मग कड हातात घेऊन सरळ दादासमोर येऊन उभा राहिला.

"सरकार, एकतीस वर्षं नोकरी झाली. आपल्या वडिलांच्या हाताखालीही होतो. ही कुणाला देऊ?"

"जागेवर जा."

"जातो. फक्त एक विचारतो. आम्ही चार तास तिथं काय करत होतो, ते आपल्याला इथून ऐकू आलं का?"

हिल्लमानला फटके बसायला हवे होते. दादाने ते सांगितले नाहीत.

२१ जून

जेवण गेलं नाही. योखेन, माझा नोकर, ताट उचलताना पुटपुटला, "सगळी छावणी उपाशीच उठतेय."

२२ जून

बेर्टला भेटलो. खिडकीत बसून स्वतःच्याच बुटाला टाका घालत होता.

मला वाटलं, शिव्या देईल. त्याने फक्त विचारलं, "कासिमिर, ड्रेवेलो पोचला होता का?"

"का?"

"त्याचं नाव फाशीच्या खांबावर ठोकणार आहेत. पळपुटा म्हणून. त्याच्या आईला पत्र लिहायला घेतलंय. तीन दिवस एकच ओळ लिहून झालीय. तो पोचून परत येताना मेला असेल तर एक पत्र. नाहीतर दुसरं. मला दादाशी भांडायचं नाही आता. तेवढं सांग."

खोलीत माशी घोंघावत होती. कागद समोर होता. 'आदरणीय बाईसाहेब' — एवढंच.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तो पुन्हा टाका घालायला लागला.

२३ जून

मी त्याला खोटं सांगितलं. माझ्या लहान भावाला. एका मेलेल्या पोराबद्दल!

२४ जून

आज सकाळी दादा माझ्याकडे आला. स्वतःहून. नुसत्या सदऱ्यावर, केस मोकळे. माझ्या खाटेच्या कडेवर बसला, आपल्या हातांकडे बघत.

"चौकशी येतेय. मुख्य छावणीतून. बेर्टने अर्ज केला होता."

"माहीत आहे. अर्ज माझ्याच हातून गेला."

"मला त्याला मारायचं नव्हतं, कासिमिर."

"माहीत आहे."

"दहा मिनिटंच थांबणार होतो. मग वाटलं, अजून दहा. त्याने दुसरी चिठ्ठी पाठवावी. जरा... जरा विनवावं. मग मी जाईन, त्याला सोडवीन, आणि सगळे बघतील." तो हसला, कसंतरीच. "आयुष्यात एकदा, माझ्यासाठी टोप्या उडाल्या असत्या."

तो त्रेचाळीसचा आहे, पण त्या क्षणी तो मला माझ्याहून लहान दिसला. आईसाहेब असत्या तर त्यांनी त्याला जवळ घेतलं असतं. मी पाणी दिलं.

ते पिऊन झाल्यावर तो पुन्हा सेनापती झाला. "तू बोललास तर मी संपतो. गप्प बसलास तर बेर्टला किल्ल्यात वर्ष-दोन वर्षं. मी सोडवीन त्याला, शपथ घेतो. तो तरुण आहे, लोकांना आवडतो, त्याला परत मिळेल सगळं. मला नाही मिळणार."

"आणि ड्रेवेलो?"

"तो मेलाय."

"त्याची आई नाही मेली."

तो उठला. दाराशी जाऊन वळला. "एक लक्षात ठेव. तूही तिथेच होतास. माझ्यासमोर उभा. मी निदान कॉफी तरी पीत होतो. तू काय करत होतास?"

२५ जून

काय करत होतो? वाट बघत होतो, कुणीतरी मला सांगेल म्हणून.

२७ जून

जनरल फॉन त्सार्नेको आले, सोबत दोन कर्नल. जनरल म्हातारे, एका पायाने लंगडतात, कुणाकडेच बघून हसत नाहीत. मला मात्र नीट न्याहाळलं. "तुम्ही मधले का?"

"हो."

"उद्या दहा वाजता. झोप काढून या."

२८ जून

शाळेच्या खोलीत चौकशी. मुलांचे बाक भिंतीला लावलेले. दादा एका बाजूला, बेर्ट दुसऱ्या. मधे मी.

त्सार्नेकोंनी सरळ विचारलं, "सतरा तारखेला गिरणीवरून किती चिठ्ठ्या आल्या?"

रस्त्यात ठरवलं होतं, सगळं क्रमाने सांगायचं. घोड्याच्या फेसापासून. पण तोंडातून एवढंच आलं, "दोन."

"पहिली?"

"साडेनऊला. लेफ्टनंट ड्रेवेलोने आणली. माझ्या हातात दिली. मी सेनापतींच्या हातात दिली."

बेर्टने डोळे मिटले.

"मग तीन तास काय झालं?"

"काही नाही झालं. आम्ही थांबलो."

"आम्ही?"

"मीही. शिक्का माझ्याकडे होता. मी पलटणी काढू शकत होतो."

"ड्रेवेलोचं काय?"

"मी त्याला सांगून पाठवलं, मदत निघतेय. तो ते सांगायला परत गेला. तो पळाला नाही. त्याचं नाव त्या खांबावर लावू नका. माझं लावा."

त्सार्नेको चिडले. "नाटक नको. कागदावर येईल एवढंच बोला." मग दादाकडे वळले. "आपलं काय म्हणणं, सरकार?"

मला वाटलं, तो मला खोटा ठरवेल. त्याच्या शब्दासमोर माझा शब्द, पुरावा कसलाच नाही. दादा उभा राहिला. अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती.

"अकरा दिवस जाळायचा म्हणतोय," तो म्हणाला. "जमलं नाही."

मग कमरेची तलवार सोडली, तीही ठेवली. बेर्टच्या समोरून जाताना थांबला. मला वाटतं, त्याला काही म्हणायचं होतं. बेर्टही अर्धवट उठला. पण दादा तसाच बाहेर गेला.

२९ जून

कोणी माझ्या टेबलाशी बसत नाही. दादाची माणसं मला फितूर म्हणतात, बेर्टची माणसं म्हणतात अकरा दिवस उशिरा बोलला. दोघांचंही बरोबर.

दुपारी बेर्ट आला. तलवार परत मिळालेली. थेट म्हणाला, "बावीस तारखेला तू मला खोटं सांगितलंस."

"हो."

"तोंडावर."

"हो."

त्याने मला एक ठोसा मारला, खांद्यावर, चांगला जोरात. मग तिथेच बसला आणि माझ्या ताटातला पाव खायला लागला. "पत्र पाठवलं," म्हणाला. "लिहिलं की तो निरोप घेऊन परत येत होता. ते वाक्य लिहिताना किती हलकं वाटलं, सांगू नये." थोड्या वेळाने: "दादाला भेटलास?"

"दार उघडत नाही."

"माझ्यासाठीही नाही." मग तोंडात घास तसाच ठेवून तो रडला. लहानपणी रडायचा तसा, नाकाने आवाज करत. मी पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी!

आज जेवलो.

१ जुलै

हिल्लमानला आणि तिन्ही पलटणींना कड परत मिळाली. बायका नाहीत म्हणून शिपाईच टाके घालत बसलेत, वाकडेतिकडे. बेर्ट त्यांच्यातच फिरतोय. सगळे म्हणताहेत, फौज आता त्यालाच मिळणार. मलाही तसंच वाटतं. बरं होईल. मनापासून बरं होईल.

४ जुलै

मुख्य छावणीचा हुकूम आला. त्सार्नेकोंनी चौकात वाचला. दादा सेनापतिपदावरून दूर, घरी जायचं. बेर्ट निर्दोष. 'आणि या फौजेचं सेनापतिपद, सत्याला धरून राहिल्याबद्दल, प्रिन्स कासिमिर यांच्याकडे.'

माझं नाव ऐकलं आणि मला हसू आलं. लपवलं लगेच. एक क्षणही नसेल. पण आतून असा आनंद उसळला— असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता!

मान वर केली. बेर्ट समोर उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

त्याने टाचा जुळवल्या. "हुकूम, सेनापती," म्हणाला.